सांगितलेलं काम चोख, पण...

नर्सेस समुपदेशनाला येतात तेव्हा तक्रार बहुधा पाठदुखीची नाहीतर झोपेची असते. थोडं बोलणं झालं की खरं ते बाहेर येतं. ‘इनचार्जची एक लाडकी आहे. तिला हवी ती ड्यूटी, आम्हाला उरलेली. आणि आता मीच पूर्वीसारखी राहिले नाही. मी वाईट नर्स झालेय का?’

अशाच एका सिस्टरांची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. त्यांनी मोबाइलवर ड्यूटी लिस्टचा फोटो दाखवला. लक्ष्मीपूजनाच्या रकान्यात व्हाइटनर फासून वर ‘एन’ लिहिलेला. खालच्याच ओळीत, लाडकीच्या नावापुढे, ऑफ. “नाईटला माझी ना नव्हती हो,” त्या म्हणाल्या. “पण विचारलंसुद्धा नाही.”

रागाबद्दल त्या भरभरून बोलल्या. मला मात्र त्यांनी ओघात सांगितलेलं जास्त खटकलं. ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देताना, त्या आता कागदावर असेल तेवढंच सांगत. अमुक आजोबा रात्री गोंधळतात, सलाईन उपटतात, हे पुढच्या पाळीला लाडकी असली की सांगायचं राहून जाई. नव्या मुलींना शीर सापडेना, तर पूर्वी या आपणहून उठत. आता फाइल लिहीत बसत. “सांगितलेलं काम मी चोख करते,” हे वर.

जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलं की माणूस आपले कष्ट आणि पदरात पडणारं फळ शेजारच्याशी ताडून पाहतो. तफावत दिसली आणि फळ वाढवणं हाती नसलं, की कष्टात काटछाट करतो. वॉर्डात ही काटछाट आधी न लिहिलेल्या, कुणी न तपासणाऱ्या कामात होते. म्हणजे भुर्दंड पेशंटला, ज्याचा या भांडणाशी संबंधच नाही.

मी विचारलं, “सिस्टर, डबल ड्यूटीला शेवटचं ‘नाही’ कधी म्हणालात?” त्यांना आठवेना. उघड नकार देता येत नव्हता, म्हणून तो ओव्हरमधून निघत होता. मग दोन याद्या केल्या. पेशंटला थेट लागणारं सगळं हिशेबाबाहेर. स्टॉक रजिस्टरसाठी थांबणं, तपासणीआधीची सजावट, ऐन वेळची डबल ड्यूटी यांना मात्र ‘आज जमणार नाही’ म्हणायचा सराव. पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक आला की दोघीही हसलो.

मेट्रनकडे जाताना ‘लाडकी’ हा शब्द घरी ठेवायला सांगितला. तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्टमधून प्रत्येकीच्या नाईट आणि सणाचे दिवस मोजून, एवढाच कागद पुढे केला. व्यक्तीवर आरोप केला की तो हेवा ठरतो. आकड्यांना उत्तर द्यावं लागतं. सणाच्या नाईट आता पाळीपाळीने लागतात, अदलाबदल दोघींच्या सहीशिवाय होत नाही.

इनचार्ज बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. लाडकीचे लाड थांबलेले नाहीत. सिस्टरांनी डायलिसिसला बदलीचा अर्ज केलाय, आणि तोवर आजोबांबद्दलचं सगळं त्या ओव्हरच्या वहीत लिहूनच ठेवतात, पुढच्या पाळीला कोणीही असो.