३५ हजारांत मुलीसाठी कॉम्प्युटर: असेंबल करून घ्यावा की कंपनीचा तयार?

ताई, तुम्ही परांड्याहून लिहिलंय की मुलगी यंदा कॉम्प्युटर डिप्लोमाला लागली, मॉनिटरसकट ३५ हजारांच्या वर जाता येणार नाही, बार्शीचा दुकानदार म्हणतो सुटे भाग जोडून असेंबल केलात तर दहा हजार वाचतील आणि तुमचे बंधू म्हणतात कंपनीचाच घ्या. ते दहा हजार नेमके कुठे वाचतात, ते आधी सांगतो.

मी नाशिकला डीटीपीचं काम करतो. २०२३ मध्ये भाचीसाठी मशीन जोडलं, पंचवटी एक्सप्रेसने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळं सामान आणलं. ती बिलं अजून माझ्याकडे आहेत. इंटेल आय३-१२१०० प्रोसेसर १०,४००, एच६१० मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग बसतात तो) ६,६००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) ३,४००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) २,७००, साडेचारशे वॅटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) २,९००, कॅबिनेट २,१००, कीबोर्ड-माऊस ९००. झाले २९,०००. त्याच प्रोसेसरचा कंपनीचा तयार टॉवर, तोही निम्म्या रॅमचा, मला ३७,५०० सांगितला होता. मॉनिटर दोन्हीकडे वेगळाच घ्यावा लागणार होता.

म्हणजे साडेआठ हजार वाचले? तयार टॉवरमध्ये विंडोजचा अस्सल परवाना होता, माझ्या २९ हजारांत नव्हता. तो सुटा घ्यायचा तर दहा हजारांच्या आसपास जात होता. हिशोब तिथेच बरोबरीत आला, थोडा कंपनीच्याच बाजूने झुकला. दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो तेव्हा परवान्याचे पैसे बिलात दिसतात का ते बघा. दिसत नसतील, तर तो म्हणतो ते वाचणारे दहा हजार म्हणजे हेच. भाचीच्या मशीनवर आम्ही विंडोजऐवजी उबुंटू टाकलं, ती ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे. सी, जावा, पायथन सगळं त्यावर नीट चालतं. कॉलेजच्या एखाद्या विषयाला विंडोजच लागणार असेल, तर मात्र आधी शिक्षकांना विचारून घ्या.

आता भाव बदललेत, हे लक्षात ठेवा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, एसएसडीही महागल्या. माझ्या ३,४०० च्या भावावर बजेट आखू नका. असेंबल केलंत तर सध्या आठ जीबीची एकच रॅम घ्या आणि मदरबोर्डवरचा दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. आणि ‘१२१००एफ’ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काही दिसत नाही.

खरा फरक मशीन बिघडल्यावर कळतो. माझ्याकडे दोन मशीन बिघडली, दोन्ही वेळा एसएमपीएस गेला. पहिलं असेंबल केलेलं होतं. कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’ लिहिलेला एसएमपीएस जवळजवळ फुकट आला होता. एका संध्याकाळी लाइट गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि मागून जळका वास सुटला. एसएमपीएस तर गेलाच, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. मतदारयाद्यांचं अर्धं झालेलं काम त्यात होतं. हार्ड डिस्क वाचली म्हणून निभावलं.

दुसरं कंपनीचं होतं, वॉरंटी संपून चार महिने झालेले. या वेळी फक्त एसएमपीएस गेला होता. बाजारातून चांगला नवा आणला, मशीन उघडलं, तर मदरबोर्डवरची पॉवरची पिनच वेगळी. नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर तिथे बसतच नाही, आणि एसएमपीएसचा आकारही त्या कंपनीचा स्वतःचा. त्यांचा पार्ट मागवला, तो तीन आठवड्यांनी आला, आणि तोवर माझं काम बंद. असेंबल मशीनमध्ये हेच दुरुस्तीचं काम अर्ध्या तासाचं आहे. म्हणून तुमच्यासारख्या, शहरापासून लांब राहणाऱ्या घराला मी असेंबलच सुचवतो. फक्त जोडून देणारा माणूस जवळचा आणि भरवशाचा हवा.

वॉरंटीचंही असंच आहे. तयार मशीनला बहुधा एक वर्ष, पण घरी येऊन दुरुस्ती. सुट्या भागांना प्रत्येकाची वेगळी: खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षं, मदरबोर्डला साधारण तीन, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच. धावपळ मात्र तुमची. त्यासाठी पक्कं बिल हवं, त्यावर भागांचे सीरियल नंबर हवेत. कच्च्या चिठ्ठीवर १८ टक्के जीएसटी वाचेल, पण दोन वर्षांनी मदरबोर्ड गेला की ती चिठ्ठी कुणी बघणार नाही.

तिसरा मार्ग कुणी सांगितला नसेल: कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली जुनी मशीन, ज्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. पैसे खूपच कमी लागतात, पण नुसतं ‘आय५’ ऐकून घेऊ नका, पुढचा आकडा वाचा. आय५-४५९० चौथ्या पिढीचा, आय५-८५०० आठव्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट (कंपनीची नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीचं मशीन सहा हजारांत मिळालं तरी नको. अशा मशीनमध्येही ती वेगळ्या पिनांची अडचण असू शकते.

तुमच्या जागी मी असतो तर मॉनिटरसाठी सात हजार बाजूला काढून उरलेल्यात असेंबल केलं असतं, उबुंटूवर, एका रॅमवर. पुढच्या वर्षी जमेल तशी दुसरी रॅम घातली असती. एवढ्यातही बसत नसेल तर आठव्या पिढीचं रिफर्बिश्ड. एसएमपीएसमध्ये मात्र पैसे वाचवू नका. परांड्याला लाइटची ये-जा आमच्यापेक्षा जास्तच असेल, म्हणून छोटा यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारी बॅटरी) पुढच्या महिन्यात का होईना, घ्याच.

आणि मशीन जोडताना मुलीला दुकानात सोबत न्या. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, तो अलगद ठेवायचा, मग लिव्हर दाबायची. दाबताना करकर आवाज येतो, भाचीने तेव्हा घाबरून हात मागे घेतला होता. तो आवाज येतोच, असं सांगितल्यावर तिनेच लिव्हर बसवली. गेल्या दिवाळीत पंखा साफ करायला मशीन तिने एकटीने उघडलं.

दुकानदाराने भागांची यादी दिली की मॉडेल नंबरांसकट इथेच टाका, पैसे देण्याआधी मी बघून सांगतो.