बाउहाउसचे माग आणि आधुनिक वस्त्रकला

प्रश्न : बाउहाउस ही जर्मनीतील कला व रचना शिकवणारी शाळा म्हटली की खुर्च्या आणि इमारतीच आठवतात. तेथील विणकामाच्या शिक्षणाचा आधुनिक वस्त्रकलेवर खरोखर काही परिणाम झाला का?

उत्तर : झाला, आणि तो दूरगामी होता. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या या संस्थेने समानतेची भाषा केली, तरी बहुतेक विद्यार्थिनींना विणकाम विभागाकडेच वळवले; गंमत अशी की, दुय्यम समजला गेलेला हाच विभाग अतिशय यशस्वी ठरला. पुढे संस्था डेसाऊ या शहरात गेल्यावर, विशेषतः १९२७ पासून विणकाम विभागाच्या प्रमुख गुंटा श्टोल्झल यांच्या नेतृत्वाखाली, आधी चित्र काढून ते कापडात उतरवण्यापेक्षा थेट मागावर धागे आणि विणी यांचे प्रयोग करण्यावर भर आला. अ‍ॅनी आल्बर्स या तेथेच शिकलेल्या विणकर कलावंताने बेर्नाऊ येथील कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहासाठी विणलेले भिंतीचे कापड याचा उत्तम नमुना आहे : त्याची सेलोफेनची बाजू प्रकाश परावर्तित करी, तर दुसरी बाजू आवाज शोषून घेई. माझ्या मते खरा बदल येथेच आहे, कारण नक्षी वरून चढवलेली न राहता धाग्याच्या गुणांतूनच उमलू लागली.

१९३३ मध्ये नाझींच्या दबावामुळे संस्था बंद पडली आणि आल्बर्स अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागल्या. प्राचीन पेरूच्या विणकरांना त्या आपले गुरू मानत. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. तेथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच वस्त्रकलावंत होत्या.