‘तुला हवं तसं कर’ आणि सात कोटेशनं

स्वयंपाकघराचं काम कोणाला द्यायचं हे ठरत नाही म्हणून समुपदेशकाकडे कोणी येईल, असं सहसा वाटत नाही. पण येतात. झोप उडालीये, सारखी चिडचिड होतेय असं सांगत येतात आणि जरा बोलणं सुरू झालं की ठेकेदार, सुतार, फरशीवाले सगळे खोलीत हजर होतात. ‘फसवणूक झाली तर?’ ही त्यातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी काळजी. या बाई त्यातल्याच एक. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं, नोकरी हिशोबखात्यातली. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची आणि स्वतःच्या स्वयंपाकघराची सात कोटेशनं महिनोन् महिने फाइलमध्ये तशीच. सगळ्यात स्वस्त आकडा सगळ्यात महागाच्या जेमतेम निम्मा. ‘यातलं खरं कोण बोलतंय तेच कळत नाही,’ त्या म्हणाल्या. रात्री जाग आली की फोनवर कपाटांचे फोटो बघत बसायच्या. संध्याकाळी जाऊबाईंना फोन, मग मैत्रिणीला, मग परत जाऊबाईंना.

ठेकेदार निवडून देणं हे माझं काम नाही. तरी मी ती फाइल बघितली, कारण काळजीला कधीकधी सरळ व्यवहारातलं कारण असतं आणि ते सोडून बालपणात शिरण्यात अर्थ नसतो. एकाने दर फुटावर लावला होता, दुसऱ्याने कपाटागणिक. एकाच्या आकड्यात जुन्या फरशा काढणं आणि राडारोडा उचलणं धरलं होतं, दुसऱ्याने त्याचा उल्लेखच केला नव्हता. एकाने बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या ते लिहिलं होतं, एकाने नुसतंच ‘उत्तम प्रतीच्या’. ही एकाच कामाची सात कोटेशनं नव्हतीच. प्रत्येकाने आपल्या मनातलं वेगळंच स्वयंपाकघर मोजलं होतं. त्यांची तुलना हिशोबखात्यातल्या बाईंनाच काय, कोणालाच जमली नसती. हे मी सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे जरा सैल पडले. इतके दिवस त्या हा आपलाच दुबळेपणा समजत होत्या.

‘पर्याय फार झाले की माणूस गोंधळतो’ हे वाक्य त्यांनीही वाचलेलं होतं. त्यामागे शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के लोकांनी खरेदी केली, 6 मांडले तेव्हा सुमारे 30 टक्क्यांनी. गोष्ट ऐकायला छान आहे, पण पुढे 2010 मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे नुसती संख्या त्रास देत नाही. आपल्याला काय हवंय ते पक्कं नसतं आणि समोरचे पर्याय एका मापाने मोजता येत नाहीत, तेव्हा जीव घाबरा होतो. बाईंच्या बाबतीत दोन्ही होतं. आठवं कोटेशन मागवून काही सुटणार नव्हतं.

एवढंच असतं तर एका तक्त्यात काम झालं असतं. मी विचारलं, ‘समजा, चुकीच्या माणसाला काम गेलं. मग काय होईल?’ पैसे बुडतील असं उत्तर येईल अशी माझी अटकळ होती. त्या म्हणाल्या, ‘घरातले बोलतील.’

मग न्हाणीघराची हकीगत निघाली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीतल्या एकाला ते काम दिलं. त्याने निम्म्याहून जास्त पैसे आधीच घेतले आणि काम अर्धवट टाकून गेला. तेव्हापासून घरात नळ ठिबकला तरी ‘तुझ्याच ओळखीतला होता ना’ हे वाक्य यायचं, हसत हसत, पण यायचंच. आता यजमानांना काहीही विचारलं की उत्तर एकच: ‘तुला हवं तसं कर.’

हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकलंय आणि माझं त्याबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. दिसायला मोकळीक, आत सगळी जोखीम एकाच्या गळ्यात. त्यामुळे पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. यजमान भांडायला आलेले नव्हते. उलट, आपण बायकोला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. थोडं खोदल्यावर कळलं की त्यांना सगळ्यात स्वस्त कोटेशन पसंत होतं. वाद नको म्हणून ते गप्प होते. बाईंना ते न बोलताही कळत होतं. म्हणजे मतभेद होता, फक्त तो कोणी मांडला नव्हता.

त्या दिवशी ठेकेदाराबद्दल आम्ही काही ठरवलं नाही. निवड दोघांची, कागदावर दोघांची सही, आणि फरशी व विजेचं सामान यजमानांनी बघायचं, एवढंच ठरलं. न्हाणीघराचं वाक्य घरात पुन्हा काढायचं नाही हे मान्य करायला यजमानांना जरा वेळ लागला.

नंतरचं काम त्यांनी घरी केलं. आधी स्वतःचा एकच कागद: कोणती भिंत, सिंक हलणार की नाही, जुनं सामान कोण काढणार, शेगडी आणि फ्रिजची मापं काय. ओट्याची उंची रोज तिथे उभं राहणाऱ्याच्या कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी, म्हणून बाईंचं कोपर मोजून आकडा लिहिला. हा कागद सातही जणांना दिला. दोघांनी उत्तरच दिलं नाही, आणि निवडीचं तेवढं ओझं कमी झालं.

मग किमान अटी. हर्बर्ट सायमन यांना 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, आपल्या कसोट्यांना उतरणारा पर्याय दिसला की थांबतो, असं त्यांनी मांडलं होतं. पण कसोट्या आधी लिहिलेल्या हव्यात, नाहीतर दर नव्या माणसागणिक त्या बदलतात. बाईंची पहिली अट होती की त्याने केलेलं, निदान दोन वर्षं वापरात असलेलं स्वयंपाकघर बघायला मिळावं. तिथल्या घरमालकांना ‘काम कसं झालं?’ असं विचारायचं नाही, त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. ‘नंतर काही बिघडलं तेव्हा तो किती दिवसांत आला?’ असं विचारायचं. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, आणि शेवटचा हप्ता ड्रॉवर भरून वापरून बघितल्यावर.

तिसरी अट मला सगळ्यात मोलाची वाटते. कपाटं एकाची, दगड दुसऱ्याचा, नळ तिसऱ्याचा असला की बिघाड नेमका सांध्यात होतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ओट्याचं माप खालची कपाटं बसल्यावरच घ्यायचं असतं. ते कोण घेणार, सिंकचं भोक कोण पाडणार, चुकलं तर नवा दगड कोणाच्या खर्चाने, हे लिहून देणाराच पुढे जाणार असं ठरलं.

मुदतीबद्दलही एक युक्ती सांगितली. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवून दिलं की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो. ठेकेदार खोटंच बोलतो असं नाही, त्यालाही तसंच वाटत असतं. म्हणून ‘किती दिवस लागतील?’ ऐवजी ‘अशा मागच्या कामाला किती दिवस लागले?’ असं विचारा.

बाईंच्या रात्री कशात जात होत्या ते बघितलं तर निम्म्याहून अधिक वेळ हँडल आणि दारांच्या रंगात. हँडल अर्ध्या तासात बदलता येतं. भिंतीतले पाइप, ओल रोखणारा थर, कपाटाच्या पेटीचं प्लायवूड हे बदलायचं तर सगळं पुन्हा उचकटावं लागतं. काळजी करायचीच तर तिथे करावी. संध्याकाळच्या फोनांबाबत मी थोडी कडक झाले: जाऊबाईंना अटींबद्दल काय ते विचारा, पण अॅडव्हान्स दिल्यावर ‘बरोबर केलं ना मी?’ असं कोणालाही विचारायचं नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराने आलेलं समाधान रात्रीपर्यंतही टिकत नाही. (घराचं काम ठरूनही झोप परतली नाही, किंवा हेच चक्र साध्या खरेदीतही फिरत राहिलं, तर तो विषय वेगळा, त्यासाठी तज्ज्ञांना भेटावं.)

अटींना तिघे उतरले. त्यांतल्या मधल्या दराच्या माणसाला काम दिलं. ते लांबलं, अर्थातच. फरशीची शेवटची पेटी वेगळ्या लॉटची निघाली, रंगात फरक दिसत होता. ती बदलायला यजमान दोनदा दुकानात जाऊन आले. पुढच्या भेटीत बाई सांगत होत्या, ‘तुम्हीच आणल्या होत्या ना, असं मी म्हटलं नाही हो. म्हणावंसं मात्र फार वाटलं.’