फर्नेस बदलण्याआधी कुणालातरी घराखाली जाऊ द्या

तुम्ही लिहिलंय की डबलवाइड मोबाइल होम (कारखान्यात दोन अर्ध्या भागांत बनवून जागेवर जोडलेलं घर) आहे, घर गरम करणारा गॅसचा फर्नेस पेटतो, थोडा वेळ गरम हवा येते, मग ज्वाला विझते आणि पंखा मात्र थंड हवा फेकत राहतो. तपासायला आलेल्या माणसाने 'जुना झालाय, नवा बसवा' असं सांगितलंय. हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मिशिगनमध्ये आमच्या डबलवाइडमध्ये ऐन हिवाळ्यात अगदी हेच झालं होतं आणि आमचा फर्नेस धडधाकट होता.

फिल्टर बदललाय आणि थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन'वर नसून 'ऑटो'वर आहे, हे धरून चालतो.

ज्वाला पेटलीय की नाही ते ओळखणाऱ्या फ्लेम सेन्सरवर थर चढला असेल तर ज्वाला काही सेकंदांतच जाते. तुमची काही मिनिटं नीट जळते आणि मग जाते, म्हणून माझा पहिला संशय लिमिट स्विचवर. आतली उष्णता मर्यादेपलीकडे गेली की तो गॅस तोडतो आणि हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वालेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग, निवावा म्हणून पंखा चालू राहतो. तुमच्या अंगावर येणारी थंड हवा बहुधा तीच. म्हणजे स्विच आपलं काम चोख करतोय. शोधायचं ते हे की उष्णता आत का कोंडतेय, आणि याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: हवेला पुढे वाट नाही.

आपल्या घरांत फर्नेस हवा खाली ढकलतो आणि ती फरशीखालच्या डक्टमधून (हवेच्या नळीतून) खोल्यांत येते. डबलवाइडच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जाड लवचिक डक्ट, म्हणजे क्रॉसओव्हर, घराच्या पोटाखाली लटकलेला असतो. आमच्याकडे पाण्याचा एक पाइप गुपचूप झिरपत होता. ते पाणी घराच्या तळाला लावलेल्या काळ्या आच्छादनात साठलं, इन्सुलेशन भिजून जड झालं आणि सगळा फुगा खाली येऊन क्रॉसओव्हरवर बसला. डक्ट चेपून पार चपटा झाला. पलीकडच्या अर्ध्या घराची हवा अडली आणि फर्नेस पुन्हापुन्हा तापून बंद पडू लागला.

एवढी साधी गोष्ट कळायला हिवाळ्यातले सगळ्यात वाईट आठवडे गेले, ते होम वॉरंटी कंपनीच्या (घरातली यंत्रं बिघडली तर दुरुस्तीचा करार करणाऱ्या कंपनीच्या) ऑफिसमुळे. नाव लिहीत नाही. त्यांच्या माणसाने आधी फर्नेसचा कंट्रोल बोर्ड बदलला, मग लिमिट स्विच बदलला, आणि दर भेटीची फी आमच्याकडून गेली. 'मागच्या बेडरूममध्ये हवाच येत नाही, खाली बघा' असं आम्ही सांगत होतो; त्यावर उत्तर एकच, घराखाली जाणं आमच्या कामात बसत नाही. ऑफिसला फोन करावा तर दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी 'फर्नेस पेटतोय, डक्ट हा घराच्या रचनेचा भाग आहे' म्हणून क्लेम बंद केला. सासूबाई तेव्हा भारतातून आल्या होत्या, त्या घरात कोट घालून झोपत होत्या. याचा राग मला आजही येतो.

अखेर फक्त मोबाइल होमचीच कामं करणारा एक जण आला. स्कर्टिंगची, म्हणजे घराखालची जागा झाकणाऱ्या कडेच्या आवरणाची, एक फळी काढून टॉर्च घेऊन आत रांगला आणि लगेच कारण घेऊन बाहेर आला. पाइपची दुरुस्ती, नवा क्रॉसओव्हर आणि तो जमिनीला टेकू नये म्हणून पट्ट्या, हे सगळं नव्या फर्नेसच्या किमतीच्या आसपासही नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: असाच माणूस शोधा. १५ जून १९७६ पासूनची ही घरं हड (HUD) या अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या नियमांनुसार बांधली जातात आणि त्यांत याच घरांसाठी मान्यता असलेला फर्नेस लागतो. तो जळण्यासाठीची हवा बाहेरून घेतो, घरातून नाही. साध्या घराचा फर्नेस स्वस्तात बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तोवर तुम्हाला करता येईल ते असं. पंखा चालू असताना घराच्या दोन्ही भागांतल्या व्हेंटवर हात धरा. एका बाजूला जोर असेल आणि दुसरीकडे नुसती झुळूक, तर खालीच बघायला हवं. कंट्रोल बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो (तोच बिघाडाचा कोड) त्याचा व्हिडिओ घ्या, तोही वीज बंद करण्याआधी, कारण बऱ्याच बोर्डांवर वीज गेली की कोड पुसला जातो. कोडचा तक्ता बहुतेक फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. आणि वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद ठेवायची सवय असेल तर ते सगळे उघडा. त्याने गॅस वाचत नाही, फर्नेस कोंडतो.

मी एचव्हीएसीचा (हीटिंग-कूलिंगच्या कामाचा) माणूस नाही, गॅसला हात लावायचं काम परवानाधारकाचंच. पण एक कळकळीने सांगतो: 'तात्पुरतं' म्हणून लिमिट स्विचला वायर जोडून बगल द्यायला कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. त्याने हीट एक्स्चेंजर तडकू शकतो, आग लागू शकते, घरात कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बघा.

लुकलुकण्याचा कोड आणि मागच्या खोल्यांत हवा कशी येते ते इथे लिहा. शिवाय फर्नेसच्या छतावरच्या नळीवर बर्फ साठलाय का, तेही सांगा. मग प्रेशर स्विचच्या, म्हणजे जळालेला वायू नीट बाहेर जातोय का ते पाहणाऱ्या स्विचच्या, बाजूनेही विचार करता येईल.