इंदुरात स्लॅशर काढताय? आधी मुंग्यांचं बघा

दोन लाख रुपये, चार मित्र, रामबागेतला मामांचा वाडा आणि दहा रात्री, यात स्लॅशर, म्हणजे मुखवटेवाला खुनी सुरा घेऊन एकेकाला मारतो तसला पिक्चर, बसेल का आणि कॅमेरा कुठला घ्यायचा, असं विचारलंय. बसेल. कॅमेरा मिळेल तो घ्या हो, पण साऊंडवाला मात्र पैसे देऊन आणा, भिया-भिया (म्हणजे आपलं इंदुरी भैया-भैया) करत फुकट येणारा दुसऱ्याच रात्री कुणाच्या तरी लग्नाला गायब होतो.

का म्हणतोय, तर १९७८ चा हॅलोविन बघा. बजेट साधारण सव्वातीन लाख डॉलर, म्हणजे तिकडच्या हिशोबानं चणे-फुटाणेच, तरी कॅमेरा पॅनाव्हिजनचा, म्हणजे बड्या सिनेमांना वापरतात तो होता. पण दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं साऊंड इफेक्ट आणि म्युझिक न लावता एडिट केलेला पिक्चर दाखवला तर स्टुडिओच्या बाई जराही घाबरल्या नाहीत, हे त्यानंच सांगितलंय. मग त्यानं स्वतः ती पाच मात्रांची पियानोची धून बसवली, आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. मुखवटा म्हणाल तर स्टार ट्रेक मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्या आतला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा रंग फासला, बस. तेव्हा मुखवट्यावर वीस हजार घालू नका.

आता रक्त. आम्ही ओळखीच्यांच्या जुन्या घरात शूट केलं तेव्हा साखरेच्या पाकात लाल फूड कलर घातला, कॅमेऱ्यात दिसलं गुलाबाचं सरबत. मग कोको पावडर घातली तेव्हा कुठे रंग बसला. रात्री दोनला आमचा मुडदा जिन्यावर पसरलेला, कानामागून पाक ओघळलेला, आणि टेकच्या मध्येच मुडद्याचा पाय हलला. बघतो तर पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघालीये ती थेट त्याच्या कॉलरीत! तो बिचारा कट म्हणेपर्यंत पडून राहिला, हसून हसून फोकस आम्ही घालवला. म्हणून पाक ऐनवेळी ओता, टेक झाला की लगेच पुसा, आणि तोंडात जाणार नसेल तिथे थोडं भांड्यांचं लिक्विड मिसळा, कपड्यावरचा डाग सुटायला बरं पडतं. फरशीवर आधी कोपऱ्यात टाकून बघा, जुनी शहाबादी रंग पिते आणि मग मामी आपलं रक्त पितात.

ज्याला मारणार त्याचे एकसारखे तीन शर्ट घ्या. आमच्याकडे एकच होता, तो धुवून पंख्याखाली वाळेपर्यंत उजाडलं.

सुरा आत जाताना दाखवायची गरजच नाही, वर उचललेला हात दाखवा, मग कोरी भिंत, बाकी आवाज करेल. कलिंगडात सुरी खुपसा आणि माईक अगदी जवळ धरा, हाडासाठी गाजर मोडा. पण जिन्याची करकर त्याच वाड्यात वेगळी रेकॉर्ड करा, पहाटे तीन-साडेतीनला, कारण लग्नसराईत त्याआधी डीजे ऐकू येतो आणि उजाडलं की कचरागाडीचं गाणं.

आणि पोलीस ठाण्यात शूटिंगचा अर्ज देऊन शिक्क्याची प्रत खिशात ठेवा. आम्ही दिला नव्हता. शेजारच्या आजींनी फोन केला, पोलीस आले तेव्हा आमचा खुनी मुखवटा कपाळावर सरकवून फाटकात चहा पीत उभा, दुसऱ्या हातात सुरा. थर्माकोलचा आहे हे पटवायला पाऊण तास गेला.