आईचं ते हसू

«ताई, आईला अकरा वर्षांपासून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे. मामा गेल्याचं कळलं तेव्हा ती मामीसमोरच हसत सुटली. तेव्हापासून मामी आमच्याशी बोलत नाही. एरवी एखादी साधी जाहिरात बघूनही आई हमसून रडते. परवा मी तिच्यावर ओरडले. हे नाटक आहे की वेड?»

अगं, दोन्ही नाही. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात.

मनात वाटणं आणि ते चेहऱ्यावर उमटणं, ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. हसण्या-रडण्यासाठी लागणारे चेहऱ्याचे, घशाचे, श्वासाचे स्नायू मेंदूच्या देठातून हलतात. मेंदूच्या पुढच्या भागाचा त्यावर लगाम असतो. प्रसंग बघून किती हसायचं, किती रडायचं याचं माप लहान मेंदू ठरवतो, असं संशोधक मानतात. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी झिजतं आणि लगामाचे निरोप वाटेतच अडकतात. मग दुःखाची बातमीसुद्धा हसू होऊन बाहेर पडते. १९२४ मध्येच किनिअर विल्सन या डॉक्टरांनी अशा हसण्या-रडण्यावर सविस्तर लिहिलं होतं.

त्या दिवशी हसताना आईचे डोळे बघितलेस का? अशा वेळी माणूस आतून घाबरलेला असतो, तोंड दाबून थांबवायला बघतो आणि थांबवता येत नाही. भाऊ गेल्याचं दुःख तिला झालंच होतं, आणि वर ही लाज.

डिप्रेशन मात्र वेगळं. ते दिवसेंदिवस टिकतं; हा झटका काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचार. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आधी काय घडलं, हे वहीत लिहून ने. आई हो म्हणाली तर मोबाइलवर एखादा झटका टिपून घे. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत यावर चालतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडीन यांच्या एकत्रित औषधाला अमेरिकेत २०१० मध्ये खास यासाठी मान्यता मिळाली. क्विनिडीनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांशिवाय काही सुरू करू नकोस.

झटका आला की «आवर स्वतःला» म्हणू नकोस. आवरणंच तर तिच्या हातात नाही. बसायची पद्धत बदलायला सांग, सावकाश श्वास घ्यायला लाव, विषय बदल.

मामीकडे तू स्वतः जा आणि हे सगळं तिला सांग. आईला सोबत नेऊ नकोस. तिथे पुन्हा हसू फुटेल या धास्तीनेच तिला झटका येऊ शकतो. आणि ओरडल्याबद्दल आज रात्रीच आईची माफी माग.