स्पॅनिशमध्ये प्रवासाच्या इच्छा आणि शुभेच्छा सांगताना सब्जंक्टिव्ह कसा वापरायचा?

तुमच्या प्रश्नात दोन वाक्यं आहेत. 'क्येरो ईर आ ग्रानादा', म्हणजे मला ग्रानादाला (स्पेनमधलं शहर) जायचंय. आणि 'क्येरो के बेंगास कोनमीगो', म्हणजे तू माझ्याबरोबर यावंस अशी माझी इच्छा आहे. दोन्हीकडे 'क्येरो'च आहे, मग एकदा साधं 'ईर' आणि एकदा 'बेंगास' का, असं तुम्ही विचारलंय. उत्तर असं: इच्छा करणारा आणि जाणारा एकच असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं. इच्छा एकाची आणि यायचं-जायचं दुसऱ्यानं, तर मध्ये 'के' येतो आणि त्यापुढे सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, आशा, अजून न घडलेलं असं काही सांगताना क्रियापद घेतं ते वेगळं रूप.

(उच्चार देवनागरीत लिहितेय. स्पॅनिश 'व्ही'चा उच्चार ब, 'जे'चा घशातून घासत येणारा ख, आणि जोड 'एल'चा य, असं धरून वाचा.)

आता वरची मराठी वाक्यं पुन्हा वाचून पाहा. स्वतःसाठी आपण 'जायचंय' म्हणतो, दुसऱ्यासाठी 'यावंस'. हा भेद आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही. 'यावंस', 'मिळावं', 'सुटावी' या रूपांना शाळेच्या व्याकरणात विध्यर्थ म्हणतात, आणि स्पॅनिश सब्जंक्टिव्हचं इच्छेचं काम बहुतेक वेळा तोच करतो. इंग्रजीत मात्र दोन्ही वाक्यांत 'टु' लावून भागतं, त्यामुळे इंग्रजीच्या वाटेनं स्पॅनिश शिकणारे 'क्येरो तू बेनीर' असं काहीतरी करून बसतात. माझा आग्रहच आहे की मराठी माणसानं हा धडा थेट मराठीतून शिकावा. मनात आधी 'तिनं यावं' असं वाक्य जुळवा, मग स्पॅनिशकडे वळा. 'एस्पेरो' (आशा करतो), 'देसेओ' (इच्छितो), 'प्रेफ्येरो' (जास्त पसंत करतो) यांनाही हाच नियम. 'एस्पेरो येगार आ त्येम्पो' म्हणजे मी वेळेवर पोचेन अशी आशा आहे. 'एस्पेरो के येगेस आ त्येम्पो' म्हणजे तू पोचशील अशी.

या दुसऱ्या वाक्यात मात्र मराठीवर विसंबू नका. 'आशा आहे' म्हटलं की आपण बेधडक भविष्यकाळ वापरतो: पोचशील, मिळेल, येईल. 'एस्पेरो के'नंतर तुम्हाला सब्जंक्टिव्हच वापरायचाय. ग्रानादाला जाणार आहात म्हणून तिथलंच उदाहरण देते. आलाम्ब्रा या तिथल्या जुन्या किल्ल्यातले नासरी (मुस्लिम राजघराण्याचे) राजवाडे पाहायला तिकिटावर ठरलेली वेळ असते आणि गर्दीच्या दिवसांत तिकिटं फार आधी संपतात. तेव्हा 'एस्पेरो के केदेन एंत्रादास', तिकिटं शिल्लक असतील अशी आशा आहे. 'केदान' नव्हे, 'केदेन'.

रूपं कशी बनवायची? वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा आणि स्वर उलटा करा. '-आर'वाल्या क्रियापदांना 'ए', '-एर' आणि '-ईर'वाल्यांना 'आ'. ब्याखो (प्रवास करतो), मग ब्याखे, ब्याखेस. तेंगो (माझ्याकडे आहे), मग तेंगा, तेंगास. साल्गो (निघतो), मग साल्गा. 'मी'च्या रूपापासून सुरुवात केल्याचा मोठा फायदा म्हणजे तेंगो, बेंगो (येतो), साल्गो, आगो (करतो) यांचा वाकडेपणा आपोआप पुढे येतो, वेगळा पाठ करावा लागत नाही. ज्यांचं 'मी'चं रूप 'ओ'नं संपतच नाही अशी सहा क्रियापदं तेवढी घोकायची: सेर आणि एस्तार (दोन्ही म्हणजे असणं), ईर (जाणं), आबेर (अस्तित्वात असणं), दार (देणं), साबेर (माहीत असणं). त्यांची रूपं सेआ, एस्ते, बाया, आया, दे, सेपा. प्रवासाच्या बोलण्यात यातली 'बाया' (जावं) आणि 'आया' (असावं) सतत लागतात. लिहिताना 'येगार'चं 'येगे' करताना मध्ये 'यू' हे अक्षर घालायला विसरू नका, नाहीतर ग चा ख होतो.

शुभेच्छा तर आणखी सोप्या. तिथे 'देसेओ' गळून पडतो आणि वाक्य सरळ 'के'नं सुरू होतं. 'के तेंगास उन ब्वेन ब्याखे', तुझा प्रवास चांगला होवो. 'के येगेस ब्येन', सुखरूप पोच. 'के ते बाया ब्येन', तुझं सगळं नीट होवो. मजा कर म्हणायला स्पेनमध्ये 'के लो पासेस ब्येन', तर मेक्सिको-अर्जेंटिनाकडे 'के ला पासेस ब्येन' ऐकू येईल. इथे मराठीतला विध्यर्थ नाही, 'होवो', 'मिळो', 'लाभो' हे आशीर्वादाचे आज्ञार्थ जवळचे. आपल्या दोन रूपांचं काम स्पॅनिशमध्ये एकच रूप करतं.

मोठ्या माणसाला किंवा अनोळखी व्यक्तीला शुभेच्छा देताना 'तेंगास' म्हणू नका. 'के तेंगा उन ब्वेन ब्याखे' म्हणा, कारण 'उस्तेद' म्हणजे आपलं आदरार्थी तुम्ही. अनेक जण असतील तर 'तेंगान'. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'तेंगाइस', लॅटिन अमेरिकेत त्यांनाही 'तेंगान'.

'ओखाला' हा माझा सगळ्यात आवडता शब्द. आयबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) 711 पासून पुढे काही शतकं अरबी बोलली जात होती. 1492 मध्ये ग्रानादा पडलं आणि तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. शब्द मात्र राहिले. 'ओखाला' मूळचा अरबीच, त्यात अल्लाहचं नाव आहे, आणि आज तो कुठल्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा माणूस सहज वापरतो. आपण 'देव करो आणि' म्हणतो तशाच जागी तो येतो. 'ओखाला नो य्वेबा', देव करो आणि पाऊस न येवो. 'ओखाला एल त्रेन साल्गा आ त्येम्पो', गाडी वेळेवर सुटू दे. 'के' लावला नाही तरी चालतो, पण पुढचं क्रियापद सब्जंक्टिव्हमध्येच, पर्याय नाही. तिथे साधा वर्तमानकाळ घातला तर स्पॅनिश कानाला ते लगेच खटकतं. सांतियागोच्या वाटेवर (स्पेनमधली ख्रिस्ती पदयात्रेची वाट) चालणाऱ्यांना तर 'ओखाला' रोज लागावा: वाटेच्या शेवटी येणाऱ्या गालिसिया प्रांतात पाऊस भरपूर, आणि तिथल्या सरकारी मुक्कामघरांत आगाऊ नोंदणी होत नाही, जो आधी पोचेल त्याला खाट. 'ओखाला आया सीत्यो एन एल आल्बेर्गे', देव करो आणि मुक्कामघरात जागा असो! वाटेवर भेटणाऱ्याला मात्र नुसतं 'ब्वेन कामीनो' (शब्दशः 'चांगली वाट') म्हणतात, क्रियापदाशिवाय.

हवं तसं ठिकाण शोधतानाही हेच रूप येतं. 'बूस्को उन ओतेल के एस्ते थेर्का दे ला एस्ताथ्योन', स्टेशनजवळ असेल असं हॉटेल शोधतोय. असं हॉटेल आहे की नाही हे अजून माहीत नाही, म्हणून 'एस्ते'. एखादं ठरावीक हॉटेल डोक्यात असेल आणि त्याचं वर्णन करायचं असेल तर 'एस्ता'. एका स्वराचा फरक आहे, पण ऐकणाऱ्याला त्यावरून कळतं की तुम्हाला कुठलंही चालेल की एकच हवंय.

आणखी एक जागा, जिथे मराठी अजिबात वाट दाखवत नाही. 'पोचलीस की फोन कर' यात आपण चक्क भूतकाळाचं रूप वापरतो. स्पॅनिशमध्ये पोचणं अजून व्हायचंय, म्हणून 'क्वांदो येगेस, यामामे'. 'क्वांदो' (जेव्हा) नंतर पुढे घडायची गोष्ट असेल तर सब्जंक्टिव्ह. नेहमीची सवय सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळ, जसं 'क्वांदो येगो, यामो आ मी माद्रे', पोचले की मी आईला फोन करते. आणि 'जर'चा 'सी' याच्या उलट वागतो. पाऊस यायचा तेव्हा येईल, पण वाक्य 'सी य्वेबे, नोस केदामोस' असंच होतं, पाऊस आला तर आपण थांबू. अट घालणाऱ्या 'सी'पुढे वर्तमानकाळातला सब्जंक्टिव्ह लावायचा नाही.